प्रत्येक ओळ दोनदा

४ फेब्रुवारी

मोजणीदारसाहेब,

तिथे ऑफिसात तुला कुणी काहीही म्हणो, जिन्याच्या पायऱ्या रोज नव्याने मोजत वर येणाऱ्या माझ्या आतेभावाला मी दुसऱ्या नावाने हाक मारणार नाही. पत्राला उशीर झाला आहे. आधी रागावून घे, मग पुढे वाच. झालं? बरं.

मंगळवारी तुमचा घड्याळवाला येऊन गेला. म्हणजे तुमच्या कार्यालयाने पाठवलेला वाचन-तपासनीस. मुलांनी त्याच्या गळ्यातलं स्टॉपवॉच पाहिलं आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याचं हे नाव पडलं. बिचाऱ्याने स्वतःचं खरं नाव दोनदा सांगितलं, पण उपयोग झाला नाही.

तू इथे कधी आलेला नाहीस, म्हणून सांगते. आमची शाळा लाकडाच्या वखारीच्या मागे आहे. ज्या शेडमध्ये पूर्वी वखारीचा वजनकाटा होता, तिच्यात आता तीन खोल्या आणि पुढे लांब व्हरांडा. करवत सुरू झाली की खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि फळा सकाळी पुसला तरी दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढा भुसा बसतो. अठ्ठावन्न मुलं. बहुतेकांचे आईबाप वखारीत ओंडके उतरवतात, फळ्या रचतात.

सत्तर देशांनी मिळून वचन दिलं, की गरीब देशांतलं एकही मूल दहा वर्षांचं होईपर्यंत वाचायला शिकल्यावाचून राहणार नाही, तेव्हा मी पेपर मिटून हसले होते, आठवतं? म्हटलं होतं, आपल्या घरातल्या सात जणांचं चहाच्या वेळेवर एकमत होत नाही, सत्तर देशांचं काय होणार! पण त्या वचनातूनच ही शेड शाळा झाली, दोन मदतनीस बाई आल्या, पुस्तकांची तीन कपाटं आली. आता हसत नाही. आणि वचन पाळलं जातंय की नाही हे मोजायला बसलेला माणूस माझाच आतेभाऊ आहे, हे इथे कुणाला सांगत नाही. वशिला म्हणतील.

तर परीक्षा. बावीस मुलं निवडली. एकेकाला कोपऱ्यातल्या खोलीत बोलवायचं, समोर नावेची गोष्ट ठेवायची आणि एक मिनिट वाचून घ्यायचं. यंत्रावर आवाजही टिपत होता. आमची चिमणी, नऊ वर्षांची, अंगाने मूठभर आणि आवाजाने परातभर, आत जाताच त्याला म्हणाली, "काका, घाबरू नका, मी हळूच वाचते." मी दाराबाहेरून चोरून ऐकत होते. सगळी मुलं छान वाचून आली. मला इतका आनंद झाला की शेवटचा तास मी गाण्यांना देऊन टाकला.

निकाल कधी लागतो? आत्याचे गुडघे कसे आहेत?

तुझी
ताई


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आईचे गुडघे बरे आहेत. जीभ त्याहून बरी आहे.

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. चारही वेळा पहिला परिच्छेद हवापाण्याचा झाला, तेव्हा लक्षात आलं की मी टाळतो आहे. म्हणून सरळ लिहितो. निकाल लागला आहे, आणि तुझी शाळा आमच्या यादीत तळाला आहे. मिनिटाला सरासरी चौतीस शब्द. उत्तीर्ण व्हायला पंचेचाळीस लागतात. गेल्या वर्षीही तुम्ही खालीच होता, पण ते तपासणीचं पहिलं वर्ष, म्हणून तेव्हा नुसती नोंद करून ठेवली होती.

सलग दोन वर्षं रेषेखाली राहिलेल्या शाळेची मदत थांबते आणि मुलं जवळच्या मोठ्या शाळेत पाठवली जातात, हे तुला माहीत आहे. तुमच्या बाबतीत ती शाळा सहा किलोमीटरवर आहे आणि मधे महामार्ग आहे. मी नकाशा पाहिला. अठरा जूनला सगळ्या देशांची बैठक आहे. वचन आणखी आठ वर्षं चालवायचं की नाही, हे तिथे ठरेल आणि त्याच बैठकीत ही यादी मंजूर होईल.

पंचेचाळीसची रेषा मी आखली आहे. मोजायचे नियमही माझेच आहेत. त्यामुळे 'वरून आलं' असं म्हणून मला सुटता येत नाही.

एक विचारू? रागावू नकोस. तू मुलांवर माया करतेस, ती सगळ्यांना दिसते. पण दाराबाहेरून ऐकताना त्या मायेनेच तुला ते वाचन छान वाटलं असेल, असं तर नाही ना? अजून वेळ आहे. एप्रिलअखेर फेरतपासणी मागता येते. रोज एक तास घड्याळ लावून सराव घेतलास तर आकडा वर येईल. इतर शाळा तेच करतात. हे वाक्य लिहून मला बरं वाटलं नाही, पण खोडतही नाही.

तुझा
मोजणीदार


११ मार्च

सप्रेम नमस्कार.

माझी मुलं वाचतात.

घड्याळ लावून सराव घेणार नाही. त्यांचे शर्यतीचे घोडे करायचे असते तर मी तबेल्यात नोकरी धरली असती.

मदतनीस बाई दोघी रडल्या. मी रडले नाही, पण काल फळ्यावर चुकीची तारीख घातली आणि चिमणीने सगळ्यांसमोर दाखवून दिली.

फेरतपासणी मागणार नाही. का ते विचारू नकोस.

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

तू 'का ते विचारू नकोस' असं लिहिलंस आणि नमस्कारापुढे माझं नाव घातलं नाहीस. या दोनपैकी दुसऱ्या गोष्टीने मला जास्त लागलं. म्हणून विचारलं नाही. ऐकलं.

आमच्याकडे प्रत्येक मुलाचं वाचन टिपून ठेवलेलं असतं. सहसा ते कुणी ऐकत नाही. तपासनीस कागदावर आकडा लिहितो आणि आम्ही आकड्यांची बेरीज करतो. नऊ वर्षांत मी एकही आवाज ऐकला नव्हता, हे या निमित्ताने माझ्या ध्यानात आलं. आधी आमच्या कार्यालयाच्या मुख्यबाईंना सांगितलं, की ही शाळा माझ्या मामेबहिणीची आहे, तेव्हा मी ऐकेन ते आणखी कुणीतरी ऐकावं. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला माझ्यासोबत बसवलं. चार दुपारी आम्ही दोघं कानाला हेडफोन लावून बसलो.

ताई, तुझी मुलं प्रत्येक ओळ दोनदा वाचतात. बावीसच्या बावीस.

पहिल्यांदा सरळ, न अडखळता. मग तीच ओळ पुन्हा, जरा सावकाश, जरा मोठ्याने, शब्दाशब्दाला टक टक असा बारीक आवाज. तो टेबलावर बोट टेकवल्याचा असावा. 'नाव काठाला लागली. नाव, काठाला, लागली.' मग पुढची ओळ.

आमचा चौदावा नियम असा: पुन्हा उच्चारलेला शब्द मोजू नये. अडखळणारी मुलं शब्द घोळवतात, त्यासाठी तो केला. म्हणजे दुसऱ्या वाचनाचे शब्द शून्य धरले गेले आणि त्यात गेलेला वेळ मात्र पूर्ण कापला गेला. आम्ही फक्त पहिली वाचनं वेगळी काढून वेळ लावली. चिमणीचे सदतीस शब्द सव्वीस सेकंदांत. मिनिटाला पंच्याऐंशी! अख्ख्या शाळेची सरासरी अठ्ठ्याहत्तर. आमच्या यादीतल्या पहिल्या दहा शाळांत बसेल अशी.

मी जुनी डायरी काढली. नऊ वर्षांपूर्वी तो नियम केला त्या दिवशी मी लिहून ठेवलं आहे: "आज चौदावा नियम पक्का केला. कुठेही फट राहिली नाही." खाली एक रेघ ओढली आहे, समाधानाची. ती रेघ बघून मी डायरी मिटली.

मला वाटतं, कारण करवत असावी. प्रत्येक टेपमध्ये तिचा आवाज आहे. पहिलं वाचन आवाजात बुडत असेल म्हणून मुलं दुसऱ्यांदा वाचत असतील. तसं निवेदन तयार केलं आहे: 'बाह्य आवाजामुळे वाचनात अडथळा.' नियमात याला सूट आहे. तू फक्त सही करून पाठव. शाळा वाचली!

तुझाच
मोजणीदार


१४ एप्रिल

अरे मोजणीदारा,

तुझं पत्र मी वर्गाच्या दारात उभी राहून वाचलं आणि पंच्याऐंशीच्या आकड्याला एवढ्या मोठ्याने ओरडले, की मदतनीस बाई साप निघाला म्हणून काठी घेऊन आल्या.

पण सही करत नाही. कारण करवत नाही. वखार बंद असते त्या दिवशीही मुलं तशीच वाचतात. तू खोटं लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून माझ्या सहीने तुला खोट्यात ओढत नाही. आता खरं ऐक. नंतर मला नोकरीवरून काढायचं तर काढ.

तीन वर्षांपूर्वी चिमणीची आई एका दुपारी हातात औषधाची बाटली घेऊन आली. खोकला झालेल्या धाकट्याला ती आदल्या दिवसापासून चमच्याने पाजत होती. बाटली अंगाला चोळायच्या तेलाची होती. मूल बचावलं, फक्त पोट बिघडलं. ती व्हरांड्यात बसली आणि रडली नाही, काही नाही. चिमणी तेव्हा पहिलीत होती. तिला म्हणाली, "तुझ्या पुस्तकातलं काहीतरी वाच." चिमणीने वाचलं. आई म्हणाली, "पुन्हा म्हण. या वेळी बोट ठेवून."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती परत आली. आठवड्याने शेजारीण घेऊन आली. मग करवतीवरचा उंच माणूस आला, ज्याला सगळे शिडी म्हणतात. कानात भुसा आणि तोंडात लाज, पण आला. आज तेवीस जण येतात. सुट्टीत तर येतातच, पण वखारीत माल आलेला नसेल तर तासाच्या वेळीही येऊन बसतात. मुलं आपला धडा वाचतात: एकदा स्वतःसाठी, एकदा शेजारी बसलेल्यासाठी. आता ती सवयच झाली आहे. समोर कोणी नसलं तरी दोनदा वाचतात. त्यांना वाटतं वाचणं म्हणजे हेच. मी कधी सुधारलं नाही. सुधारायचं काय होतं त्यात?

पण करारावर माझी सही आहे: शाळेच्या वेळात मुलं आणि शिक्षक यांच्याखेरीज कुणीही मोठं माणूस आवारात नको. मुलांच्या सुरक्षेसाठी आहे, नियम चांगलाच आहे. मी तो तीन वर्षं मोडते आहे. कुणी पाहुणा यायचा असला की मी सगळ्यांना आदल्या दिवशी सांगते, "उद्या येऊ नका." घड्याळवाला आला त्या दिवशी तेवीस माणसं कुंपणापलीकडे ओंडक्यांवर बसून, आत आपल्या मुलांचं काय होतंय म्हणून माना उंच करत होती. म्हणून फेरतपासणी नको म्हटलं. पुन्हा लपवायचं जिवावर आलं होतं.

आता तूच सांग. खरं कारण लिहिलंस तर करार मोडला म्हणून शाळा जाईल. नाही लिहिलंस तर चौतीस शब्दांनी जाईल. माझी मती चालेनाशी झाली आहे.

ताई


३ मे

प्रिय ताई,

एवढे दिवस लागले कारण मला स्वतःची खात्री नव्हती. आता आहे, थोडीफार.

मुख्यबाईंना मी एवढंच सांगितलं आहे, की चौदावा नियम चुकीचा आहे आणि ते मला बैठकीत सांगायचं आहे. शाळेचं कारण सांगितलेलं नाही. त्या वाईट नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "काही देश आधीच म्हणताहेत की मुलं शिकत नाहीत, वचन कशाला वाढवायचं? ज्या दिवशी आपण त्यांच्याकडे विश्वास मागायला उभे राहायचं, त्याच दिवशी तुम्ही म्हणणार की आमची फूटपट्टीच वाकडी आहे?"

उत्तर मला घरी आल्यावर सुचलं, नेहमीसारखं. वाकडी फूटपट्टी लपवून मिळवलेला विश्वास तरी सरळ असेल का? दुसऱ्या दिवशी त्यांना तेच सांगितलं. त्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं-घातलं. मग म्हणाल्या, "दहा मिनिटं देते. अकरावं नाही."

पण आकडा सांगितला की कुणीतरी विचारणारच, मुलं दोनदा का वाचतात? तेव्हा मला व्हरांडा सांगावा लागेल. त्याने मी निर्मळ होईन आणि शाळा जाईल ती तुमची. माझ्या सचोटीची किंमत तेवीस माणसांनी आणि अठ्ठावन्न मुलांनी का द्यावी, हा प्रश्न मला सोडत नाही. म्हणून तुझी परवानगी मागतो. तू नाही म्हणालीस तर मी फक्त नियमाविषयी बोलेन आणि कारण विचारलं तर 'सांगू शकत नाही' म्हणेन.

आणखी एक. ही गोष्ट परवा दाढी करताना आठवली आणि मी तसाच साबण लावलेल्या तोंडाने बसून राहिलो. मला वाचायला कुणी शिकवलं? तू. मामाच्या घराच्या जिन्यात, तिसऱ्या पायरीवर. मी पाच वर्षांचा, तू बारा. तू एक ओळ वाचायचीस, मग माझं बोट धरून तीच ओळ पुन्हा. प्रत्येक ओळ दोनदा. आणि मोठा होऊन मी काय केलं, तर पुन्हा म्हटलेला शब्द धरू नये, असा नियम.

तुझ्या उत्तराची वाट बघतो.

मोजणीदार


१२ मे

मोजणीदारा,

जिन्याची आठवण तुला आत्ता झाली होय! मला पहिल्या दिवसापासून होती. चिमणीच्या आईने बोट ठेवायला सांगितलं तेव्हा मला तूच दिसला होतास, नाक वाहत असलेला.

परवानगी मी एकटीने द्यायची नव्हती. शाळा त्यांची. म्हणून सोमवारी सगळ्यांना बसवलं आणि होतं तसं सांगितलं. तुझा नियम, माझा करार, दोन्ही बाजूंनी जाणारी शाळा.

मग शिडी उठला. उभा राहिला की पत्र्याला डोकं लागतं त्याचं. म्हणाला, "बाई, म्हणजे आमच्यामुळे पोरं नापास झाली?"

"नाही हो, नियमामुळे."

"तेच ते. उद्यापासून नाही येत आम्ही."

तेवढ्यात चिमणीची आई म्हणाली, "खाली बस, शिड्या. तीन वर्षं आपण दर पाहुण्याला ओंडक्यांमागे लपतो. वाचायला शिकलो ते काय लपायला? तुमचा तो भाऊ सांगतोय ना सगळ्यांसमोर की चुकलो म्हणून? मग आपण काय चोरी केलीय?"

"आणि शाळा गेली तर?"

"ती नाही सांगितलं तरी चाललीच आहे. सांगून जाऊ दे. निदान कशासाठी गेली ते कळेल त्यांना."

मग तिनेच कागद मागितला. सोबत पाठवला आहे. वर एक ओळ तिने स्वतः लिहिली आहे, खाली तेवीस सह्या. नीट बघ, एकही अंगठा नाही. शिडीने आपलं नाव चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलं. ती खाडाखोडही तशीच ठेव.

तू लिही. तू बोल.

ताई

(ती ओळ पुसट आली आहे, म्हणून इथे उतरवते: 'आम्ही रोज येतो. आमची मुलं आम्हाला वाचायला शिकवतात. शाळा राहू द्या.')


२४ जून

प्रिय ताई,

निकालाची तार अठरालाच केली होती, ती मिळाली असेल. पण तारेत तीन शब्द मावले. आता सगळं सांगतो. क्रमाने सांगतो, नाहीतर माझ्याकडून फुगवलं जाईल.

सभागृह गोल आहे. सत्तर देशांच्या पाट्या, प्रत्येकाच्या कानाला यंत्र, मागे काचेच्या खोल्यांत दुभाषे. माझा नंबर जेवणाआधी होता, म्हणजे लोकांचं लक्ष दाराकडे असतं तेव्हा. व्यासपीठाला सहा पायऱ्या आहेत.

मी म्हणालो, "नऊ वर्षांपूर्वी मी एक नियम केला. तो चुकीचा आहे. चुकीचा कसा, ते मी सांगण्यापेक्षा एक मुलगी सांगेल." आणि चिमणीचं मिनिट लावलं.

दुभाष्यांची पंचाईत झाली. ती एक ओळ वाचायची, हे भाषांतर करायचे. ती पुन्हा तीच ओळ वाचायची, तेव्हा हेही पुन्हा तेच म्हणायचे. दुसऱ्या ओळीला लोक कानातली यंत्रं ठोकून बघू लागले, बिघडली म्हणून. तिसऱ्या ओळीला कुणीतरी हसलं. चौथ्या ओळीपासून लोक पुढे सरकून ऐकू लागले. नऊ भाषांत प्रत्येक ओळ दोनदा. मागे तुमची करवत.

मिनिट संपलं. मी आकडे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात एका छोट्याशा देशाच्या मंत्रीणबाई, जाड भिंगाचा चष्मा, अंगाने ठेंगण्या, हात वर न करताच म्हणाल्या, "ही मुलगी कुणाला तरी शिकवते आहे. कोण आहे तिच्या शेजारी?"

त्या पूर्वी प्राथमिक शिक्षिका होत्या, असं मागाहून कळलं. एका मिनिटात त्यांना जे ऐकू आलं, ते ओळखायला मला तुझं पत्र लागलं.

मग मी व्हरांडा सांगितला. करार मोडल्याचंही सांगितलं, ते लपवलं नाही. आणि कागद पुढे दिला. तो हातोहात फिरू लागला. ज्या देशाचे प्रतिनिधी वचनातून बाहेर पडणार अशी सकाळपासून कुजबुज होती, त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. शेजाऱ्याने मागितला तरी देईनात. त्यांनी शिडीच्या खाडाखोडीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?" मी म्हणालो, "हा माणूस पाचव्या प्रयत्नात बरोबर आला आहे. आमच्या नियमाने त्याला शून्य मिळाले असते."

मंत्रीणबाई टेबलावर थाप मारून म्हणाल्या, "आपण एका मुलाला शिकवायचं वचन दिलं होतं. या मुलांनी दोघांना शिकवलं. आणि आपण त्यांना नापास करायला बसलोय!" ताई, लोक उभे राहिले. मी मोजले नाहीत. खरंच मोजले नाहीत.

जेवण दीड तास लांबलं. शेवटी असं ठरलं. चौदावा नियम रद्द. तुमची शाळा राहते, पुढचे दोन वर्गही मिळतात. मोठ्यांविषयीचा नियम मोडीत काढला नाही, काढूही नये, पण त्यात नवं कलम आलं: पालकांनी नाव नोंदवून, शिक्षकांच्या देखत, व्हरांड्यात बसावं. हो, 'व्हरांडा' हाच शब्द आहे त्यात. आणि वचन आणखी आठ वर्षं. सत्तरपैकी एकोणसत्तर देश. बाहेर पडणार होते ते आत राहिले, आणि एका देशाने सप्टेंबरपर्यंत वेळ मागितला.

आनंदाच्या पत्रात हे लिहू नये, पण न लिहिलं तर झोप लागणार नाही. माझ्या नियमाने गेल्या दोन वर्षांत तीन शाळा बंद झाल्या होत्या. तिन्हींचे आवाज काढून मी आणि शेजारच्या टेबलावरच्या त्या मुलीने ऐकले. दोन ठिकाणी मुलं खरोखर अडखळत होती. तिसऱ्या ठिकाणी, तुझ्यापासून दोन समुद्रांपलीकडे, खडी फोडणाऱ्यांच्या वस्तीत, निम्मी मुलं प्रत्येक ओळ दोनदा वाचत होती. तिथे शेजारी कोण बसत होतं ते मला माहीत नाही. ती शाळा ऑगस्टमध्ये पुन्हा उघडते आहे. उद्घाटनाला मला बोलावलंय. मी जाणार आहे, पण पहिल्या रांगेत बसणार नाही.

मुख्यबाईंनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही तेरा मिनिटं घेतलीत." मग हसल्या.

तुझा
मोजणीदार


९ जुलै

माझ्या गुणी मोजणीदारा,

तार मिळाली होती. तारवाल्याला चिमणीने दारातच अडवून 'शाळा राहिली! ताई!' एवढे तीन शब्द दोनदा वाचून दाखवले, तेव्हा वखारीपर्यंत ऐकू गेलं. शिडीने करवत बंद केली. मालक ओरडत बाहेर आले आणि बातमी कळल्यावर स्वतःच दुपारची सुट्टी देऊन बसले. मग म्हणाले, "मलाही व्हरांड्यात बसता येईल का? मला आकडे येतात, अक्षरं नाही." तीस वर्षं वखार चालवणारा माणूस! आता नव्या नोंदवहीत चोविसावं नाव त्यांचं आहे.

काल तुमच्या कार्यालयाचं सरकारी पत्र आलं. लांबलचक, शिक्क्याचं. व्हरांडा भरला होता. मी ते चिमणीच्या हातात दिलं. तिने पहिली ओळ वाचली: 'एकोणसत्तर सदस्य देश या पत्राद्वारे आपले वचन पुन्हा देत आहेत.' मग सवयीने बोट टेकवून दुसऱ्यांदा सुरू करणार, तर तिची आई म्हणाली, "थांब. आण इकडे."

कागद घेतला. मांडीवर ठेवून सरळ केला. दुसरी ओळ तिने वाचली. मुलीने आधी वाचून दाखवलेली नव्हती, धड्यातली नव्हती, कधी पाहिलेली नव्हती. 'आपल्या शाळेतील मुले, शिक्षक व पालक यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो.' मनःपूर्वकला जरा थांबली. मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि गेली पार. ओळ संपल्यावर मान वर करून लेकीकडे बघितलं.

चिमणी तिच्याजवळ सरकली, आईचं बोट धरून त्या ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "पुन्हा म्हण."

सबंध पत्र त्या दोघींनी मिळून वाचलं. सतरा मिनिटं लागली. मोजली, खास तुझ्यासाठी.

तुझी
ताई